पडद्यावरची म्हैस

मोठ्या बाई,

परवा शाळेला कलाविषयाचं अनुदान आलं आणि तुमच्या खुर्चीत बसून मी यादी करायला घेतली. पेटी, तबला, रंगपेट्या. मी मुख्याध्यापक झालो हे तुम्हाला आवडलं असतं की नाही, देव जाणे. पण त्या यादीवर तुम्ही लाल पेनानं काट मारली असती एवढं नक्की. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा असंच अनुदान आलं होतं. मी नवाकोरा ड्रॉइंग मास्तर, हीच यादी घेऊन तुमच्यापुढे उभा. तुम्ही ती न वाचताच टेबलावर उपडी ठेवलीत आणि म्हणालात, "पेटी कपाटात जाऊन बसते, सर. मला आया आणायच्यात शाळेत." ज्या घरातली बाई शाळेच्या फाटकातून कधी आत आली नाही, त्या घरातली पोरगी सातवीनंतर घरी बसते, हे तुम्ही इतक्या वर्षांत बघितलं होतं. मला ते काही पटलं नव्हतं. माझा जीव पेटीत अडकला होता.

मग त्या पैशातून मांजरपाटाचं ठाण आलं, पावडरचे रंग आले, सरस आला. गॅदरिंगसाठी मोठा पडदा करायचा आणि तो आयांनी रंगवायचा, प्रत्येकीनं आपल्या घरातलं काहीतरी काढायचं, असं तुम्ही ठरवलंत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी व्हरांड्यात कापड अंथरायचं. प्रयोगशाळेतल्या स्टोव्हवर मी सरस वितळवतोय, सगळ्या शाळेत त्याचा वास मारतोय आणि तुम्ही पदर खोचून आयांना चहा देताय. पहिल्या शनिवारी चौघीजणी आल्या. तिसऱ्या शनिवारी बसायला जागा पुरेना. त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीची आई आली. गवळ्याचं घर, दुधाचा रतीब घालून बाई तशीच आलेली, किटली हातात. मी ब्रश दिला तर तिनं तो बाजूला सारला आणि शेणानं जमीन सारवावी तसा तळहातानं रंग ओढला. बघता बघता एक म्हैस उभी राहिली, काळी, अवाढव्य. एक शिंग मागं गेलेलं, दुसरं गालावर लोंबलेलं. "आमची म्हस," म्हणाली आणि तिथंच ब्रश धुवायच्या बादलीत हात धुऊन निघून गेली.

आता माझी चूक. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या चित्रांवर शेवटच्या दिवशी हळूच हात फिरवायची मला खोड होती. वेडंवाकडं दिसलं की बोटं शिवशिवायची. गॅदरिंगच्या आधीच्या रविवारी मी एकटाच शाळेत आलो आणि ती म्हैस नीट केली. पाय सरळ केले, पाठीला गोलाई दिली, दोन्ही शिंगं सारखी केली. मला फार बरं वाटलं होतं त्या दुपारी.

गॅदरिंगला ती बाई सासूला आणि दोन दिरांना घेऊन आली. आठ दिवस घरात तिनं सांगून ठेवलं असणार. पडद्यापुढं उभी राहून शोधते आहे. मुलीनं बोट करून दाखवलं. बाई बघत राहिली, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही आमची न्हवं. ही क्यालेंडरवरची हाय." सासू फिस्सकन हसली. "घरातली म्हस वळकंना व्हय गं तुला?" पहिलं गाणं व्हायच्या आत सगळं घर निघून गेलं, पाठोपाठ मुलगीही. नंतरचे चार दिवस ती शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिच्या मैत्रिणीनं निरोप आणला, ती आता गोठ्यातच हाताखाली राहणार म्हणून.

तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. बसा म्हणाला नाहीत. "सर, त्यांची म्हैस तुम्ही बघितली होती का?"

"नाही."

"मग कुणाची काढलीत? उद्या सकाळी जा. आधी म्हैस बघा आणि मग त्या बाईंची माफी मागा."

गेलो. बाई धार काढत होती. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि मी जागच्या जागी थिजलो. एक शिंग मागं, एक गालावर. बाई मान वर न करता म्हणाली, "पारडी हुती तवा दाव्यात घावलं शिंग." तिनं पेलाभर धारोष्ण दूध पुढं केलं. मी ते प्यालो, "बरं हाय दूध," म्हणालो आणि निघालो. तुम्हाला मात्र येऊन सांगितलं, मागितली माफी. सोमवारी मुलगी वर्गात होती.

पुढं तुम्ही निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पालकसभेत, प्रत्येक शिबिरात ही गोष्ट सांगितलीत. आमचे ड्रॉइंग सर गोठ्यात गेले, माफी मागितली, पोरगी परत आली. मी खाली मान घालून बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा. ती मुलगी दहावी झाली, डीएड झाली, आज मलकापूरकडं शिकवते.

तुम्ही देवाघरी गेल्यावर दुसऱ्या वर्षी दूध घ्यायला गेलो तर दूधकट्ट्यावर तिची आई भेटली. तुमचा विषय निघाला. ती म्हणाली, "बाई आलत्या की तवा घरला. तुमी यायच्या आदल्या सांजंला. चूक आमची हाय म्हणल्या, पोरगी धाडा. सासूच्या पाया पडल्या. आणि जाताना म्हणल्या, सकाळी आमचं सर येतील. त्यास्नी बोलाय जमायचं न्हाय. दूध द्या आणि लावून द्या."

मला आधी तुमचा राग आला, बाई. इतकी वर्षं चारचौघांत माझं कौतुक करत होतात, सगळं ठाऊक असून. मग लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

यादी मी फाडली आहे. मांजरपाट मागवलंय आणि येत्या शनिवारी आयांना बोलावलंय. जुना पडदा कपाटात आहे, हे पत्र त्याच्याच घडीत ठेवून देणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी कट्ट्यावर ती बाई किटली घेऊन माझ्यासमोर उभी होती, मी काहीतरी बोलीन म्हणून थांबली होती. मी म्हटलं, "अजून अर्धा लिटर घाला."