कंपनीवाला दादा आणि माझे अकोल्याचे वाचक

३ ऑगस्ट २००७, शुक्रवार
आज ब्लॉग सुरू केला. नाव ‘अनुपचे अवकाश’. अमरावतीत बी.एस्सी. फर्स्ट इयरला असा ब्लॉग दुसऱ्या कुणाचा असेल असं वाटत नाही. मित्र मोईजच्या सायबर कॅफेत मराठी टाइप होतं, पण ‘ज्ञ’ येत नाही, म्हणून विज्ञानाबद्दल लिहायचं टाळलं.
संकल्प: रोज एक पोस्ट. विषय तीन. माझे छंद, माझं कॉलेज, माझे विचार.
छंद लिहायला बसलो तर दोनच निघाले, त्यातला एक झोप. ‘पोस्टाची तिकिटं जमवणे’ हा वाढवला. उद्यापासून जमवू.

७ ऑगस्ट
काउंटर बत्तीसवर! मोईज म्हणे, ‘अबे, तूच रिफ्रेश मारून राहिला ना सकाळपासून!’ धंद्यातल्या माणसाला साहित्य कळत नाही. याचा मोठा भाऊ नईम नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे, त्यामुळे घरात यंत्राचंच वातावरण.
कॉलेजबद्दलची पोस्ट राहिली. त्यासाठी कॉलेजात जावं लागेल.

१० ऑगस्ट
गावाहून बाबांचा फोन. रविवारी अकोल्याला दादासाठी मुलगी पाहायला जायचंय. अंजनगाव सुर्जीपासून आमचं गाव जवळ. दादा, म्हणजे देवमन, तिथे संत्र्याची बाग आणि कपाशी सांभाळतो. मी इथे जे काही करतो ते त्याच्याच जिवावर, असं आई म्हणते. मी बौद्धिक बाजू सांभाळतो, हे ती म्हणत नाही.
शेतीवाल्या पोराला हल्ली कुणी मुलगी देत नाही. पेपरात शेतकऱ्याची बातमी येते आणि ती कधीच चांगली नसते. दोन ठिकाणी नकार आला. म्हणून या वेळी दादा कंपनीत आहे. मीच मोईजला सांगून नईमचा निळा शर्ट आणि गळ्यातलं कार्ड मिळवलं. कार्डावरचा फोटो आतल्या बाजूला फिरवून घालायचा, ही आयडियाही माझीच.

१२ ऑगस्ट, रविवार. रात्री
मुलगी बरी आहे. पिंकी नाव, बी.सी.ए. करते. बोलते कमी, पाहते जास्त. तिच्या वडिलांनी दादाला विचारलं, ‘कंपनीत काय पाहता?’ दादा घामाघूम. म्हणे, ‘कापूस... म्हंजे कापड.’ बाबा लगेच म्हणाले, ‘दोन्ही पाह्यते.’
मुलीनं विचारलं, ‘नाइट शिफ्ट असते का?’ दादा म्हणे, ‘लाइन रात्री आली तं जा लागते.’ मोटरपंपाचं बोलून गेला! मी तात्काळ विषय बदलला. माझ्या ब्लॉगची माहिती दिली, कागदावर पत्ता लिहून मुलीच्या हातात दिला. घरची इज्जत मी वाचवली. परतताना कुणी थँक्यूसुद्धा म्हणालं नाही. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. एकदाच म्हणाला, ‘चांगली वाटली रे मले.’

१६ ऑगस्ट
इतिहास घडला. पहिली कॉमेंट!! ‘चांदणी, अकोला’ या नावानं. ‘छंदांपेक्षा घरच्या माणसांबद्दल लिहा.’
मी अकोल्यापर्यंत पोहोचलो! कुणी सांगितलं असेल तिला? चांगलं लिखाण आपोआप पसरतं.

२० ऑगस्ट
‘आमच्या घरचे नमुने’ ही मालिका सुरू. पहिला नमुना दादा. तो संत्र्याच्या झाडांशी बोलतो, आंघोळ विहिरीवर करतो, मला पाठवायच्या डब्यात लोणचं स्वतः भरतो आणि तेल सांडून माझी प्रॅक्टिकलची वही खराब करतो, असं खुसखुशीत लिहिलं.
दुसऱ्या तासाला चांदणीची कॉमेंट: ‘अजून.’
एक शब्द! एवढी ओढ फक्त प्रेमात असते.

२७ ऑगस्ट
चांदणीचा प्रश्न: ‘दादा कंपनीत असूनही बागेत इतका वेळ कसे असतात?’
हुशार आहे. आता सत्य की घर? बराच विचार केला (चहा दोन). ठरलं की लेखकानं वाचकाशी खोटं बोलू नये. मग ‘कंपनी’ नावाची पोस्ट लिहिली. नईमचा शर्ट, फिरवलेलं कार्ड, सगळं. विनोदी अंगानं. नावगाव कुणाचंही दिलं नाही, फक्त ‘देवमनदादा’ एवढंच. त्यावरून कोण ओळखणार?
मोईजनं स्क्रीनवर वाचलं. म्हणे, ‘अनुप, हे काढून टाक भाऊ. घरचं लफडं हाय हे.’ त्याला म्हटलं, हे आत्मकथन आहे. तो म्हणे, ‘आत्मा तुहा, न् कथन देवमनचं.’ जळतो.

५ सप्टेंबर
चांदणी गप्प. कॉमेंट नाही. मी तिला उद्देशून ‘तू कुठे आहेस’ ही कविता टाकली. तरी गप्प. मुली लाजतात.
तिकिटं अजून एकच. तेही मोईजच्या लाइट बिलाच्या पाकिटावरचं, अर्धं फाटलेलं.

११ सप्टेंबर, पोळा. गावी
आज फार हसलो. मुलीचे मामा सकाळी न सांगता चौकशीला येऊन टपकले. गावात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की देवमन कंपनीत आहे. पानठेल्यापासून सरपंचापर्यंत सगळे तयार. आईनं घरोघरी जाऊन शपथ घातली होती.
पण आज पोळा! दादानं पहाटेपासून बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल चढवली. आणि मामा वेशीत. बाबा कानात म्हणाले, ‘शर्ट घाल. कंपनीवाला बैल धरते का कुठं?’ दादानं निळा शर्ट घातला आणि कासरा शेजारच्या डोमाजीकाकांच्या हातात दिला. काका मोठ्यानं म्हणाले, ‘हे आपले बैल हायत!’ गाव हो म्हणालं.
तोरणाखाली सगळ्यांचे बैल गेले. आमचा लखमन हलेना. काकांनी ओढलं, शेपटी पिळली. तो वळला, थेट दादाकडे आला आणि निळा शर्ट चाटायला लागला. खांद्यापासून कॉलरपर्यंत. मामा बघत होते. दादानं त्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला मागं ढकललं. म्हणाला, ‘कोनाचा हाय हा बैल? धरा ना याले.’
मामांनी पुरणपोळी खाल्ली आणि समाधानानं गेले. गावानं काम चोख केलं.
संध्याकाळी दादा गोठ्यात होता. जेवायला आला नाही. नाटकी आहे.

१३ सप्टेंबर
‘पोळा आणि साहेब’ ही माझी आतापर्यंतची सर्वोत्तम पोस्ट. चाटण्याच्या प्रसंगाला तर स्वतःच दाद दिली.
मोईज वाचून हसला नाही. उठून बाहेर गेला.

१४ सप्टेंबर
चांदणी परतली! कॉमेंट: ‘बैलाचं नाव काय?’
बस? एवढी उपमा, एवढा उपरोध, आणि विचारते काय तर बैलाचं नाव. उत्तर दिलं नाही. वाचकाला थोडं वळण लावावं लागतं.

२३ सप्टेंबर, रविवार
अकोल्याहून नकार. कारण नाही, फक्त ‘मुलगी नाही म्हणते.’ मामा हो म्हणत होते, वडील हो म्हणत होते. आई रडली. बाबा म्हणे, ‘गावात कोनी तरी फुटलं.’ डोमाजीकाकांशी बोलणं बंद. पानठेल्यावर भांडण. बाबांना लवकर माणूस ओळखता येत नाही.
मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर दादाला ती झेपली नसती. बी.सी.ए. आहे.

२६ सप्टेंबर
आता माझं पाहू. चांदणीला जाहीर निरोप टाकला: रविवारी अकोल्याला येतोय, स्टँडजवळच्या रसवंतीत अकरा वाजता, ओळख म्हणून हातात गुलाब.
उत्तर: ‘येते. गुलाब आणू नका.’
साधेपणा! याच्यावरच तर...

३० सप्टेंबर, रविवार. परतीच्या गाडीत
योगायोग असा की रसवंतीत नेमकी पिंकी बसलेली. मी मान फिरवली. उगाच ओळख निघायची आणि नकाराचा विषय निघायचा. मी चांदणीची वाट पाहत रस प्यालो. दुसरा ग्लास झाला तेव्हा पिंकीच उठून समोर बसली. म्हणे, ‘कोनाची वाट पाहून राहिले? मीच येते म्हटलं होतं ना तुमाले.’
पुढचं जसं आठवतं तसं.
म्हणे, दादा शेती करतात हे पहिल्याच दिवशी त्यांच्या हातांवरून कळलं. मग तुमचा ब्लॉग वाचला. लोणच्याचं वाचलं, झाडांशी बोलतात ते वाचलं, अन् ठरवलं, बाबांशी भांडाचं न् इथंच कराचं. ‘कंपनीचं खोटंही मी सोडून दिलं असतं. ते तं घरचे करवतात.’
मी म्हटलं, मग?
म्हणे, ‘पोळ्याले त्यायनं बैलाले ओळख नाही दाखवली. चौकशीले आलेल्या मानसासमोर आपल्या जनावराले ढकललं. उद्या कोनी मोठा मानूस आला तं मलेबी असंच ढकलतीन.’
मी विचारलं, आणि माझं लिखाण? तेवढं विचारणं भाग होतं. म्हणे, ‘दादांचं येते तवढं वाचलं. बाकी मले वाचनं नाही झालं.’
रसाचे पैसे तिनं दिले. उपमाही कळल्या नाहीत म्हणे. ग्रामीण वाचकाची हीच अडचण आहे.
संकल्प: घरी काही सांगायचं नाही. दादाला विनाकारण त्रास नको.

७ ऑक्टोबर, रविवार
पिंकीच्या वडिलांनी बाबांना फोनवर सांगून टाकलं. म्हणे, ‘तुमच्या लहान्यानं सारं कंप्युटरवर टाकलं, आमच्या पोरीनं वाचलं.’ आज बाबा आणि दादा थेट मोईजच्या कॅफेत. मोईजनं (हा मित्र!) स्क्रीन लावून दिली.
दादानं वाचलं. बोट ठेवून, मोठ्यानं, अडखळत. ‘नमुने’, ‘कंपनी’, ‘पोळा’. बाकीची पोरं गेम थांबवून ऐकत होती. विहिरीवरच्या आंघोळीच्या जागी दादा हसलासुद्धा. म्हणे, ‘हे बराबर लिवलं.’ पोळ्याच्या जागी आला तेव्हा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. शेवटी खालची कॉमेंट वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तिनं नाव इचारलं होतं तं सांगितलं काहून नाही बे तू? लखमन हाय, एवढं सांगाले काय झालं होतं?’
बाबा मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मोईजला विचारलं, ‘हा इथं किती वेळ राह्यते?’ मोईज म्हणाला, ‘दिवसभर. कॉलेज तं यानं पाह्यलंच नाही काका.’
खोटं आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी पाहिलं होतं.

१५ ऑक्टोबर
दादानं नईमला गाठलं. नांदगाव पेठेतच लागला. शिफ्ट इनचार्ज नाही, कापडाच्या गाठी उचलायला. पण शर्ट आता स्वतःचा आणि कार्डावरचा फोटोही स्वतःचा. बाबा म्हणे, ‘शेतात राहून त्याले बायको भेटत नाही, तं राहाचं कायले?’
मग बागेचं काय, हा प्रश्न उरला. माझ्याशिवाय सगळ्यांना उत्तर माहीत होतं.
अमरावतीची खोली सोडली. ब्लॉगवर शेवटची पोस्ट टाकली, ‘वाचकहो, निरोप’. काउंटर पाहिला नाही. (पाहिला. दिवसभरात दोन. एक मी, एक मोईज.)

२८ ऑक्टोबर. गावी
संकल्प: बागेतच मोबाइलवरून ब्लॉग. रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर येते, टाइपिंगला दोन्ही हात लागतात. रद्द.
लखमन माझा कासरा ओळखत नाही. चारा खात नाही. काल त्यानं मला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ढकललं. आई म्हणे, ‘त्याले वास येते मानसाचा.’

२५ नोव्हेंबर, रविवार. धुऱ्यावर, लाइनची वाट पाहत
धामणगाव रेल्वेहून एक पाव्हणे दादासाठी स्थळ घेऊन आले. दादा सुट्टीवर, निळ्या शर्टात. पाव्हण्यांनी कार्ड हातात घेऊन फोटो तपासला, खूश झाले. त्यांना दोन मुली आहेत म्हणे. धाकटी शिकलेली, वाचायची आवड. मी चिखलाच्या पायांनीच आत गेलो, केसांवर हात फिरवला.
पाव्हण्यांनी बाबांना विचारलं, ‘हा लहाना काय करते?’
बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सुपारी फोडत म्हणाले, ‘हा? काही नाही. शेती करते.’