गोधडीचे टाके मी दहाव्या दिवशी का काढले

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघे हल्ली वाकत नाहीत, त्यामुळे आठांपैकी पाच-सहाच अंगं हजर आहेत असं समज. उरलेली रजेवर आहेत.) तुझी प्रकृती ठणठणीत असणार, कारण दर पत्रात तू तसंच लिहितेस आणि तुझं बोलणं खोटं म्हणायची माझी आजवर छाती झालेली नाही. इकडे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे मी सोडून सगळे.

गोधडीच्या प्रकरणाबद्दल तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल. तुझ्या भावजयीचं पत्र माझ्याआधी पोचलं असेल तर ते बाजूला ठेव आणि आधी हे वाच. ती खोटं लिहिणार नाही, पण खरं अशा पद्धतीने लिहील की वाचणाऱ्याला मी वेडा वाटेन. मी वेडा नाही. मी शिस्तीचा आहे, आणि या घरात त्या दोन गोष्टींतला फरक कुणालाच कळत नाही.

पहिल्यापासून सांगतो. चाळीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढून मी घरी बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात मला जागाच नाही. स्वयंपाकघरात गेलो की ही विचारते, काय हवंय? काही नको म्हटलं तर म्हणते, मग इथे कशाला? बाहेरच्या खोलीत जावं तर तिथे गोधडी. पुढच्या महिन्यात सूनबाई बाळंत व्हायची आहे (हे तुला ठाऊकच आहे, तारीख तूच बोटांवर मोजून सांगितली होतीस), आणि बाळासाठी घरातल्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवायची असं हिने आणि विहीणबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. विहीणबाई राहतात दोन गल्ल्या पलीकडे. रोज तीनच्या ठोक्याला येतात, सतरंजीवर बसतात, आणि पाचपर्यंत त्या, ही आणि सूनबाई अशा तिघींचं शिवण आणि बोलणं एका लयीत चालतं. मी खुर्चीत बसून सल्ले द्यायचो. एक दिवस ही म्हणाली, तोंड चालवायला काय लागतं, सुई चालवून दाखवा! मी म्हटलं आण इकडे. अगं, ज्या माणसाने बिथरलेल्या बैलाची मांडी शिवली आहे, त्याला बाळाच्या गोधडीचं काय कौतुक?

आणि अक्का, खरं सांगू? मला त्या सतरंजीवर जे सुख मिळालं ते कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. चाळीस वर्षं माझ्या पेशंटांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. काही सांगायचं झालं तर लाथेने सांगितलं. इथे तिघी एकाच वेळी बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि तरी पाच वाजेपर्यंत तिघींना सगळं समजलेलं असतं. शिवाय प्रत्येक तुकड्याची कथा. हा मुलाचा पहिलीतला गणवेश, ज्याच्या खिशात शाईची बाटली फुटली होती. हा हिचा पोपटी झगा, जो मला आवडतो असं मी एकदा चुकून म्हणालो आणि मग तिने तो सात वर्षं घातला. हा सूनबाईचा दवाखान्यातला पांढरा कोट (ती दातांची डॉक्टर आहे, म्हणून तिचा टाका बारीक, सबंध दिवस लहान भोकांतच तिचं आयुष्य जातं). गोधडीचे चार चौकोन करायचे, चौघांनी एकेक शिवायचा आणि शेवटी जोडायचे, असं ठरलं. चौथा चौकोन माझा! मुलाने फार हट्ट केला की मी मशीनवर तासाभरात सगळं उरकतो, पण त्याला तिघींनी एकमताने हाकललं. तो हिरमुसला. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू.

आता माझा टाका. या तिघी घालतात धावदोरा, म्हणजे एका गाठीवर सुई निघाली की सरळ दुसऱ्या काठापर्यंत. दोरा एका जागी तुटला की सगळंच उसवलं! माझी पद्धत निराळी. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला स्वतंत्र पक्की गाठ. एक गेला तरी बाकीचे जागेवर उभे. ही हात फिरवून म्हणाली, गोधडी शिवताय की हरभरे पेरताय? मी म्हटलं, गाठी सगळ्या खालच्या बाजूला, अस्तर लागलं की दिसणारही नाहीत. विहीणबाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, व्याहीबुवांचं काम फार मजबूत आहे हो. (हे कौतुक दाराच्या कडीलाही करता येतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी दोन दिवस छाती काढून फिरत होतो.) एकशे चाळीस टाके, बावीस तुकडे, एकही सैल नाही. चौकोन पुरा झाला तेव्हा मी हात धुतले, चष्मा पुसला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने कॅलेंडरपाशी जाऊन दहा दिवसांपुढच्या चौकटीत नोंद करून टाकली, ‘टाके काढणे’.

हसू नको. तू हसते आहेस, मला इथे ऐकू येतंय.

दहाव्या दिवशी तिघी सूनबाईच्या तपासणीला गेल्या होत्या, मुलगा कामावर. मी घरात एकटा. कॅलेंडरवर माझ्याच अक्षरातला हुकूम. अक्का, माझ्या अख्ख्या नोकरीत मी एका जनावराचे टाके अकराव्या दिवसावर जाऊ दिलेले नाहीत. मी विचार केला का, असं सगळे मला विचारतात. विचार कसला करायचा? दहावा दिवस होता! चिमटा घेतला, बारकी कात्री घेतली, उजेडाला बसलो. गाठ उचलायची, खाली कापायची, अलगद ओढायची. एकेक टाका वाटीत टाकत गेलो आणि मोजत गेलो, कारण घातले तितके निघालेच पाहिजेत, एक जरी आत राहिला तरी चिघळतं. एकशे चाळीस पुरे भरले. मला फार समाधान वाटलं. मी गोधडीला थोपटलं आणि म्हटलं, बास, झालं हं, गुणी आहेस.

मग ती उचलली. ज्या जुन्या चादरीवर तुकडे शिवले होते ती माझ्या हातात राहिली आणि बावीसच्या बावीस तुकडे जमिनीवर.

त्या क्षणी मला जे वाटलं ते कागदावर उतरत नाही. मुलाचा गणवेश एकीकडे, हिचा पोपटी झगा दुसरीकडे, आणि घड्याळात सव्वाचार. मंडळी पाचला येणार. मग मी ठरवलं की शिस्तीचा माणूस रडत बसत नाही. चौकोन सतरंजीवर पसरला, तुकडे आठवतील तसे मांडले, माझी जुनी वाकडी सुई काढली आणि सपाटा लावला. घाईत असलो की माझा हात आपोआप खोल जातो. खालचं घट्ट धरल्याशिवाय टाका टिकत नाही हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पाचला पाच मिनिटं कमी असताना शेवटची गाठ मारली आणि खुर्चीत जाऊन वर्तमानपत्र धरलं. (उलटं नव्हतं. उलटं होतं असं ही सांगते, ते साफ खोटं.)

त्या आल्या. विहीणबाई दमल्या होत्या, हाश्श करून सतरंजीच्या टोकाला बसल्या. हिला माझ्या चौकोनाचा रंगच वेगळा दिसला असावा, कारण तिने तो उजेडात बघायला म्हणून एका टोकाने उचलला. चौकोनाबरोबर सतरंजी उठली. हिला वाटलं काहीतरी अडकलंय, म्हणून तिने जोरात हिसका दिला. सतरंजी पुढे आली आणि सतरंजीबरोबर विहीणबाई हातभर पुढे आल्या, मांडी न मोडता, हातातल्या पाण्याच्या पेल्यासकट! मग सूनबाईने पोट धरलं. मला वाटलं, आली वेळ, आणि मी बाह्या सरसावल्या. पण ती हसत होती. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकवून बसवावं लागलं. मग विहीणबाई हसायला लागल्या. हसत नव्हती ती एक तुझी भावजय. तिने मागची बाजू उलटून बघितली, वाटीतले एकशे चाळीस टाके बघितले, कॅलेंडर बघितलं, आणि मग पदरी पडलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

निकाल तिथेच लागला. घरात ज्याचा टाका सगळ्यात वाईट, त्याने इतरांच्या सुया ओवायच्या, हा म्हणे शिवणाचा नियम आहे. (असा नियम असल्याचं त्याआधी कुणी बोललं होतं का? तू सांग.) तेव्हापासून मी दारापाशी स्टुलावर बसतो. साबणाच्या वडीत खोचलेल्या बारा सुया माझ्यापुढे. अकरावी ओवून होईपर्यंत पहिली रिकामी होऊन परत येते. आणि माझा चौकोन दिला कुणाला, तर मशीनवाल्या चिरंजीवांना! मी शिवायचं म्हटलं की जगबुडी, आणि त्याने मशीनवर घरघर केली की ते चालतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

अक्का, थट्टा पुरे, आता मनातलं लिहितो. मला वाईट वाटतंय. स्टुलावरून बोलणं नीट ऐकू येत नाही. खाली तिघी कशाला तरी हसतात आणि मी विचारलं की म्हणतात काही नाही, सुई द्या. महिन्याभरात बाळ येईल. ते ज्या गोधडीत झोपणार तिच्यात वीतभर तरी टाका आपल्या हातचा असावा, एवढीच माझी इच्छा आहे. सबंध चौकोन नको. वीतभर. हिने आजवर माझं एक ऐकलेलं नाही आणि तुझं एक मोडलेलं नाही. शिवाय मला सुई धरायला तूच शिकवलीस, शर्टाचं बटण लावताना, म्हणजे माझ्या टाक्यात काही दोष असेल तर त्याची थोडी जबाबदारी तुझ्यावरही येते. तेव्हा तिला चार ओळी लिही आणि मला सतरंजीवर परत घ्यायला सांग.

तुला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद आणि तुझ्याकडच्या म्हाताऱ्या मांजराची आठवण काढली म्हणून सांग.

तुझा,
स्टुलावरचा भाऊ

ता. क. हिला लिहिशील त्यात या पत्राचा उल्लेख नको. आपणहून सुचल्यासारखं लिही. उदाहरणार्थ, ‘काल सहज मनात आलं, माझ्या भावाचा हात लहानपणापासून शिवणात फार चांगला.’ एवढं पुरे. ‘सहज’ विसरू नको.

आणखी ता. क. मी डिंक आणायला आत गेलो तेवढ्यात हिने पत्र वाचलं. (डिंक नेहमी सगळ्यात वरच्या फळीवर का ठेवलेला असतो ते आज कळलं.) तिच्या आग्रहाखातर दुरुस्त्या: विहीणबाई हातभर नव्हे, पार कपाटापर्यंत गेल्या. पेल्यातलं पाणी सांडलं, आणि ते हिच्यावर. मी गोधडीला ‘गुणी आहेस’ एवढंच म्हटलं नसणार, ‘चल, ऊठ, चार पावलं चालून दाखव’ असंही म्हटलं असणार. (म्हटलं होतं. हिला कसं कळलं देव जाणे.) आणि शिक्षा काही जन्मठेप नाही म्हणे. माझ्याहून वाईट टाका घालणारं माणूस सतरंजीवर आलं की नियमाने सुया त्याच्याकडे आणि मी परत खाली. मी म्हटलं, असं माणूस आणू कुठून? तर ती येऊन स्टुलाशेजारी जमिनीवर बसली.

शेवटचं ता. क. अक्का, पत्राचं खरं काम आता सुरू होतं. तुझ्या मुलाचा रविवारी फोन आला होता. मला सांगू नये अशी तू त्याला ताकीद दिलीस, त्याने हिला दिली, हिने चार दिवस पाळली आणि आत्ता मोडली. तुझा हात थरथरायला लागला, परवा उशीचा अभ्रा शिवायला घेतलास तर एक टाका इकडे आणि एक तिकडे गेला, म्हणून शिवणाचा डबा माळ्यावर टाकून दिवसभर खिडकीशी गप्प बसून असतेस, आणि मला पत्रात लिहितेस प्रकृती ठणठणीत! मला आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, एक टाका इकडे आणि एक तिकडे, हेच तर हवंय मला! सबंध घराण्यात माझ्याहून वाईट शिवणारं एक माणूस शेवटी निघालं आणि ते तू निघालीस. ताबडतोब निघून ये. विहीणबाईंनी तुझ्यासाठी भिंतीकडची टेकून बसायची जागा आत्तापासून अडवून ठेवली आहे. चिरंजीवांच्या मशीनची सुई पहिल्याच दिवशी माझ्या गाठींवर मोडली, त्यामुळे चौथा चौकोनही मोकळा आहे, आणि तो तुझ्या नावाने ठेवायचा असं तिघींनी ठरवलंय. इतकं लिहून झाल्यावर तुझ्या भावजयीने एक मुद्दा काढला. थरथरत्या हाताला सुई ओवता येत नाही, म्हणजे तू आलीस तरी ओवायचं काम माझ्याकडेच राहणार, आणि चौकोनही तुझा झाल्यावर या गोधडीत माझा वीतभरसुद्धा टाका येणार नाही. हे पटतंय का, असं तिने मला विचारलं. मी दोन मिनिटं विचार केला, अक्का, आणि म्हटलं, मंजूर. टाका तू घाल, कसाही घाल, दोरा मी ओवून देईन, तू म्हणशील तितके दिवस. डबा काढायला माळ्यावर स्वतः चढू नको, मुलाला सांग. आणि गाडी किती वाजता पोचते ते कळव, मी घ्यायला येतो.