पाणबुड्याची परीक्षा

कमांडरसाहेब,

तुम्ही गेल्याचं पेपरात वाचलं. हे पत्र आता ट्रंकेतच राहणार, म्हणून खरं सांगतो. मला पोहता येत नाही. भरतीच्या वेळी पोहण्याच्या परीक्षेला माझ्या नावावर माझा दोस्त कमलाकर उतरला होता.

एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या बंदरात शिरताना तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत आणि कानाला हेडफोन लावून पाण्यातले आवाज ऐकत बसलेल्या मला विचारलंत, "महादू, काय ऐकू येतंय?" माझ्या कानांच्या भरवशावर तुम्ही पाणबुडी आत नेलीत आणि बाहेरही काढलीत.

आमच्या कापडे गावात मात्र पाणबुडीवरचा म्हणजे बुड्या मारणारा, असाच समज. परवा पुरात शेजारची लहानगी आम्रपाली वाहून गेली, तेव्हा सगळे ओरडले, "पाणबुड्याला बोलवा रे!" मी काठावर गेलो आणि तुमच्यासारखाच हुकूम सोडला, "कोणी आवाज करायचा नाय!" मग पाण्याच्या गोंगाटातून तिचं रडणं वेगळं ऐकू आलं. मी बोट दाखवलं तिथं पोरांनी उड्या टाकल्या. करंजाच्या फांद्यांत अडकली होती. सुखरूप आहे.

आज तिची आई म्हणाली, "काका, हिला पवायला तुमीच शिकवा." मी हो म्हणून बसलोय. वय पंचाहत्तर आहे, पण साहेब, या वेळी परीक्षेला मीच उतरणार.

तुमचा कान,
महादू