दीप्तीच्या पाठवणीची गाडी

लोधिवली

चि. सौ. मालन हीस कोंडीरामदादाचा जय भीम. तुझी कंबर आणि दाजींचा गुडघा सध्या एकमेकांशी सलोख्यानं असतील अशी आशा आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि विषय गंभीर आहे.

दीप्तीला सासरी पाठवायला माझी फियाट नको, माझ्याच दोस्ताची, झहीरची मॉरिस हवी, हे मला झहीरकडून कळलं. (आधी मामाला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. असो.) वाईट वाटलं, लपवत नाही. कर्जतच्या दवाखान्यातून तुला आणि तिला याच फियाटनं घरी आणलं होतं. पोर दचकू नये म्हणून दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही, मागचे टेंपोवाले हॉर्न वाजवून दमले. पण मी न्यायानं चालणारा माणूस. झहीरला म्हटलं, दोन्ही म्हाताऱ्या नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत चढवू. जी नीट चढेल तिच्यात भाची बसेल.

आता निःपक्षपाती हकिगत. सपाटीला फियाटचा जोर जास्त, मॉरिस आपली रमतगमत येते. वळणाला मात्र मॉरिस सांगाल तशी वळते. फियाटचं स्टिअरिंग आधी मी फिरवतो, मग ती विचार करते, मग वळते. (घाईनं वळल्यावर काय होतं ते आपण दाजींच्या स्कूटरवर पाहिलंय.) अर्ध्या घाटात फियाटमधून वाफा निघाल्या. गार होऊ दिली, पाणी पाजलं, तरी पहिल्या गिअरला चढेना. रिव्हर्सला ताकद जास्त, हे जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक असतं. तेव्हा गाडी फिरवली आणि मान मागं वळवून उरलेला घाट उलटा चढलो. टॅक्सीवाले हात जोडून वाट देत होते. दस्तुरीला पोचलो तेव्हा गाडीचं तोंड नेरळकडेच होतं, परतीला वळवायची कटकट नाही. हा गुण मॉरिसमध्ये नाही.

झहीर कधीचा पोचून चहा पीत होता. म्हणाला, "कोंडीराम, नवरीला पन अशीच न्यायची का रं? लोकं इचारतील, पोरगी सासरी चालली का म्हायेरी परत आली?" मला हसू आलं नाही. घरी आल्यावर आलं.

तेव्हा निकाल मॉरिसच्या बाजूनं. दीप्तीला सांग, मामा रागावलेला नाही.

तुझा दादा
कोंडीराम

ता. क. फियाट अजून दस्तुरीलाच आहे. उतारावर ब्रेकचा भरवसा वाटेना, म्हणून मॉरिसमधून परतलो. (बसायला ऐसपैस आहे. हे कुणाला सांगू नकोस.)

आणखी एक. फियाट टेंपोत घालून तुझ्या दारात आणून ठेवतो. दीप्तीला दारापासून कोपऱ्यापर्यंत तरी तिच्यात बसू दे, पुढं मॉरिस आहेच. इंजिन चालू करायचं नाही. स्टिअरिंगला दाजींना बसव, रस्ता सरळ आहे. लग्न लागताना मामानं भाचीच्या मागं उभं राहायचं असतं. मी गाडीच्या मागं उभा राहून धक्का मारीन. झहीरही येतो म्हणालाय.