ताईचे अठ्ठावन्न ठोके

३ फेब्रुवारी, मंगळवार

धमनी एक, दिसतात दोन! आणि ही चित्रं काढली कुणी? मी! एकतीस वर्षं सीटी मशीनवर काढली, आणि सख्ख्या बहिणीच्या हृदयाची चित्रं अशी, की ओल्या शाईवरून कुणी बाही फिरवावी.

डॉक्टरीणबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"ठोके किती होते?"

"शहाऐंशी."

"मग थांबला का नाहीत?"

ताई टेबलावर कुडकुडत होती, म्हणून मला घाई झाली. हृदय पळायला लागलं की दोन ठोक्यांमधली विश्रांती एवढीशी उरते. नेमका तेवढाच क्षण पकडता येईना, म्हणून मी किरण अख्खा ठोकाभर चालू ठेवले. म्हणजे किरण कितीतरी जास्त, आणि चित्रं तरीही वाया. हे मी नव्या मुलींना शिकवते. मीच!

जिना चढताना ताईच्या छातीत दाबल्यासारखं होतं. आता खात्री करायची तर मनगटातून हृदयापर्यंत नळी घालून बघायचं. ताई म्हणते, "नळी मोरीत घालतात. मी नाही घालून घ्यायची." बोलते असं, पण हात गार पडले होते तिचे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर अर्धा तास उभी राहिले. शेवटी मिळाली चित्रं पुन्हा काढायची एक संधी — सोळा तारीख! अट एकच: ठोके साठच्या आत. तेवढे उतरले तर किरण फक्त विश्रांतीच्या क्षणापुरते लावायचे.

पण ताईला दमा. ठोके उतरवायची नेहमीची गोळी तिला चालत नाही. दुसरी दिली होती, तर दिवसभर गरगरलं.

"मग काय, समजूत घालून उतरवणार?"

"हो," म्हटलं मी. म्हणून बसले!

८ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे पहिला सराव.

"सोळा तारखेच्या आधी दोन दिवस चहा सोड."

"त्यापेक्षा तुला सोडते."

मनगटावर बोटं ठेवली — ब्याऐंशी. "घाबरू नको हं," म्हटलं, तर अठ्ठ्याऐंशी! एकतीस वर्षं प्रत्येकाला हेच वाक्य प्रेमाने ऐकवत आले. किती जणांची हृदयं पळवली असतील मी!

येताना शाळेचा गाण्याचा हॉल आठवत राहिला. मेणाने घासलेली लाकडी जमीन, उंच खिडक्या, आणि पियानोपाशी गाणं शिकवणाऱ्या मदर. कुणी खांदे उचलून श्वास घेतला की पट्टी हलकेच खांद्यावर. मी सगळ्यांत बुटकी, पहिल्या रांगेत. लांब सुरावर माझा श्वास अर्ध्यातच संपायचा. मग मागच्या रांगेतून ताई माझ्या पाठीवर बोटाने मोजायची — एक, दोन, तीन… ते बोट होतं म्हणून मी शेवटपर्यंत पोचायची. तिचा सूर मात्र कधी तुटला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ताई ऐंशी. मी सत्तर. माझे मोजताना एक निसटला — बोटं म्हातारी झाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! सापडलं!

ताई आज वैतागली. "किती मोजशील मला? आण इकडे हात. आता तुझे मी मोजते." डोळे मिटून माझं मनगट धरलं तिने. मी गुपचूप तिच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला ठोके दाखवणारा चिमटा लावला. शहात्तर… एकाहत्तर… सहासष्ट… एकसष्ट!

तिला स्वतःला सांभाळायला सांगितलं की ती बिथरते. मला सांभाळायला दिलं की शांत! साठ वर्षं हेच तर बघत आले, आणि सुचलं आज.

"अगं, नीट बस ना. मोजताना मधेच चुकतंय माझं," ताई म्हणाली.

"गणितात तू पहिल्यापासून कच्ची!"

दोघी एवढ्या हसलो की चिमट्यावर एकोणऐंशी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मशीनच्या खोलीत रंगीत तालीम. ताई टेबलावर, मी शेजारच्या खुर्चीवर, ताईच्या हट्टापायी दोघींच्या छातीला ठोके नोंदवणाऱ्या वायरी. मी श्वास रोखायचा, तिनेही रोखायचा, आणि मनात मला मोजायचं. ताई एकोणसाठवर आली! मी टाळ्या वाजवल्या, तर लगेच सत्तर. "गप बस ना जरा," ताई.

डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या ठोक्यांच्या छापील पट्ट्या काढून घेतल्या. माझी जरा जास्तच वेळ बघत होत्या. म्हटलं, वायर सैल असेल, त्या खुर्चीजवळची नेहमी सुटते. "हं," म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जमलं!

ताईला आधीच सांगून ठेवलं होतं, शिरेत औषध गेलं की अंगभर ऊब येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, पण होत नाही. "झाली तर तू पूस," म्हणाली.

मी काचेमागे. मशीनचा तो ठोकळेबाज रेकॉर्ड केलेला आवाज बंद केला आणि माइकवर म्हटलं, "ताई, मी श्वास रोखतेय. मला मोज."

त्रेसष्ट. साठ. अठ्ठावन्न!

दाबलं बटण.

पडद्यावर चित्र उमटलं — धमनी एक! उगमापासून टोकापर्यंत एकच, पेन्सिलला नीट टोक काढून रेघ ओढावी तशी. थोडा चुना साचलाय, पण रस्ता मोकळा. गोळ्या घ्यायच्या, नळीची गरज नाही. आणि किरण मागच्या वेळेच्या पावसुद्धा नाहीत!

मी रडतेय, डॉक्टरीणबाई पाठ थोपटतायत, आणि आतून ताईचा आवाज, "श्वास सोडू का, की विसरलात मला?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. टेबलावर शनिवारची माझी पट्टी. वायर सैल नव्हती. माझ्या बोटांतून ठोका निसटत नव्हता, ताईही चुकत नव्हती. जागेवर तो ठोकाच नव्हता.

गुरुवारी टेबलावर मी.

ताईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "चहा आजपासून बंद. काचेमागे मी उभी राहणार. श्वास मी रोखते — तू मला मोज."