काउंटरमागची मावशी

प्रिय चिमणे,

फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून हे लिहून कुरियरने पाठवतेय. तुझ्या आईला काही कळू दिलेलं नाही. ताई येणाऱ्या नातवंडासाठी झबली शिवत बसलीय, आनंदाने नुसती वेडी झालीय.

दोन वर्षांपूर्वी तू माझ्या औषधाच्या दुकानात आली होतीस, आठवतं? गिऱ्हाईक पांगेपर्यंत टूथब्रश चाळत उभी राहिलीस. बाहेर तो तुझा उंच मित्र, रस्त्याकडे तोंड करून. तुला काय हवंय ते मला लख्ख कळलं होतं गं! वीस वर्षं काउंटरमागे काढलीत. लाजत येणारी पोरं मला लांबून ओळखू येतात. निरोधची पाकिटं माझ्या मागच्याच खणात होती. आणि मी काय केलं? ताई कशी आहे म्हणून मोठ्यांदा विचारलं. तू खोकल्याच्या गोळ्या मागितल्यास आणि पळालीस. वर मी स्वतःवर खूश! म्हटलं, पोरगी घाबरली, आता नसत्या भानगडीत पडायची नाही. कसली शहाणी मी, डोंबल माझं! परक्या पोरांना मुकाट्याने कागदात गुंडाळून द्यायचे. भाचीच्या वेळी तेवढी मावशी झाले.

मग तुमचं फाटलं, तुझं लग्न झालं, जावई गुणी मिळाले, आणि तो दिवस मी विसरूनही गेले.

काल तो मुलगा दुकानात आला. आधी ओळखलंच नाही, गालफडं पार बसलीत. त्याला एचआयव्ही आहे. कधीपासून, त्यालाही ठाऊक नाही. तुझा नंबर बदललाय, म्हणून तुला कळवा म्हणाला आणि काउंटर धरून रडला. मी विचारलं, काही वापरत होतात ना रे? तर म्हणाला, त्या दिवसानंतर कुठल्याच दुकानात जायची दोघांची हिंमत झाली नाही.

चिमणे, तुला तिसरा महिना चाललाय. हे पत्र मिळेल त्याच दिवशी रक्त तपासून घे, जावयांचंही तपासायला लाव. काही निघालंच, तर बाळाला होऊ नये म्हणून औषधं आहेत, पण ती लगेच सुरू करावी लागतात. तुलाही ती जन्मभर घ्यावी लागतील. जावयांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, रात्रभर विचार केला, काही सुचलं नाही. माफी मागायलाही मला तोंड नाही. त्यांनी विचारलं, हे कुणामुळे झालं, तर त्या मुलाचं नको, तुझंही नको, माझं नाव सांग.

तुझीच,
मावशी