नोहाचे शेजारी

पुणे, ८ जून १९८७

चि. हेमा हिस,
श्यामलामामीचे अ. उ. आ. आणि प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र पोचलं. बंगळूरच्या मेसमधलं सांबार गोड असतं म्हणून पानभर रडगाणं, आणि अभ्यासाबद्दल जेमतेम तीन ओळी! पण त्या तीन ओळी मी चारदा वाचल्या. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि उठवून पुन्हा भाकर दिली. मोठा धक्का बसलेल्या माणसाला आजचे मानसतज्ज्ञही आधी हेच देतात, असं तू म्हणतेस. अगं, पंधरा वर्षं मी रविवारच्या शाळेत एलिया शिकवते आहे. ती भाकर मी कायम चमत्कारात धरली, औषधात कधी धरली नाही. मात्र जपून हो. सगळे संदेष्टे तुम्ही ओपीडीच्या रांगेत बसवलेत, तर आमच्या पाळकसाहेबांना केसपेपर फाडत बसावं लागेल.

आता इकडची बातमी. मुलांचं यंदाचं नाटक नोहाच्या तारवाचं आहे, आणि चर्चच्या सेक्रेटरींनी हॉल मोकळा म्हणून तारीख ठरवली बारा जुलै. ते सोलापूरचे, त्यांना काय ठाऊक? आम्हा पुणेकरांच्याही फळ्यावर तारीख लिहून झाल्यावर ध्यानात आलं. एकसष्ट साली ह्याच दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि नदी पेठांत शिरली. तुझे मामा तेव्हा अठरा वर्षांचे, तुझी आई बाराची. कसब्यात नदीजवळ राहायचे. आजीबरोबर दोघं शेजारच्या उंच घराच्या छपरावर चढले आणि वाचले. मला एवढंच माहीत आहे, कारण घरात एवढंच सांगतात.

बाकी मी लग्नानंतर स्वतः पाहिलं. तिसऱ्या मजल्याखाली घर घ्यायचं नाही. ट्रंका कायम माळ्यावर. जून लागला की चर्चमधला ह्यांचा भरदार आवाज बसतो, आणि बारा जुलैला रजा टाकून, डबा घेऊन स्वारी वेताळ टेकडीवर. मी ह्यांना डोंगर चढणारा मोशे म्हणते. ते हसतात आणि डबा मागतात.

म्हणून तारीख ऐकून मी दचकले. तर हे आपणहून म्हणाले, की तारू मी करतो. कारखान्यात सुतारखात्याचे फोरमन, म्हटलं पुठ्ठ्याचं काहीतरी ठोकतील. हे तर सागाच्या फळ्या आणून बसलेत! याचा अर्थ काय ते तुझ्या पुस्तकात बघून कळव.

मामीवरची माया सांबारात बुडवू नकोस.
तुझी,
श्यामलामामी


बंगळूर, १६ जून १९८७

प्रिय मामी,
सप्रेम सलाम.

पहिल्यांदा एक कबुली: मी अजून मानसशास्त्राची नुसती विद्यार्थिनी आहे. आठशे किलोमीटरवरून मामाचं निदान केलं तर आमचे सर मला पुढच्या गाडीनं घरी पाठवतील. (सांबाराचा प्रश्न मात्र सुटेल.)

पण योगायोग बघ, गेल्याच आठवड्यात आमच्या बायबल अभ्यास मंडळात नोहा झाला. चित्रांच्या पुस्तकात गोष्ट इंद्रधनुष्यापाशी थांबते ना? सरांनी पुढचं वाचायला लावलं. जमीन कोरडी झाल्यावर नोहा द्राक्षमळा लावतो, पितो आणि तंबूत उघडा पडतो. मामी, अख्ख्या जलप्रलयात नोहाच्या तोंडी एक शब्द नाही, तुझ्या लक्षात आलं होतं? देव बोलतो, हा मुकाट फळ्या ठोकतो. तारवाचं दारसुद्धा त्यानं लावलेलं नाही, देवानं लावलं. आणि शुद्धीवर आल्यावर त्याचं जे पहिलं वाक्य लिहून ठेवलंय, तो शाप आहे. लहानपणी मला वाटायचं, एवढा चांगला माणूस शेवटी कसा बिघडला? आता वाटतं, बिघडला कुठे? घरच्यांपुरता वाचला होता बिचारा. शेजारीपाजारी सगळे पाण्याखाली, आणि कोणी त्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, तुझं कसं आहे?

मला सगळ्यात आवडले ते त्याचे दोन मुलगे. तिघांतल्या एकानं बापाला तसा पाहिला आणि बाहेर जाऊन सांगितलं. बाकीचे दोघे खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आले, आणि न बघता बापाला पांघरूण घातलं. सर म्हणाले, आपलं काम ह्या दोघांचं आहे. उघडं करायचं नाही, पांघरायचं.

म्हणून तुला एकच सुचवते. काही विचारू नकोस. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, तोवर उत्तम चाललं होतं. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि सगळा घोटाळा केला. तू आपली पहिले सात दिवसच कर. (तुला जड जाईल, माहीत आहे.)

तारवाचं पुढे काय झालं ते कळव, आणि माझ्यासाठी प्रार्थनेत जागा ठेव.
तुझी आगाऊ भाची,
हेमा


पुणे, २६ जून १९८७

चि. हेमा हिस,
आशीर्वाद आणि सलाम.

सात दिवस गप्प बसले. शेजारणीनं माझी तब्येत विचारली.

रोज संध्याकाळी चर्चच्या आवारात हे तारू ठोकायचे आणि मी चहाचा थर्मास घेऊन बाजूच्या बाकावर बसायचे. तारू नऊ फूट झालं. आतून-बाहेरून डांबरसुद्धा लावलं, पवित्र शास्त्रात लिहिलंय म्हणून. आता ते हॉलच्या दारातून आत जात नाही! सेक्रेटरी कपाळाला हात लावून उभे. शास्त्रात खिडकी एकच आहे, ह्यांनी अकरा कापल्या. मी न राहवून तेवढं विचारलं. म्हणाले, एका खिडकीतून माणसं आत ओढायला वेळ पुरत नाही.

मी चहा ओतला आणि गप्प राहिले. तुझ्या सरांना सांग.

मंगळवारी तालीम होती. सर्जेराव शिरसाठांची नात नोहाची शेजारीण झाली आहे. नोहाला हसायचं आणि पाणी आलं की बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. ती मला म्हणाली, की बाई, मी नुसती बाजूला कशी होईन? मी दार वाजवीन ना? तर ह्यांनी हातोडी खाली ठेवली आणि तिला म्हणाले, की बरोबर आहे तुझं. वाजवशीलच. नावानं हाकही मारशील. आणि फाटकाबाहेर निघून गेले.

घरी आल्यावर आपणहून बोलले. कपडे घडी करता करता, माझ्याकडे पाठ करून. शेजारच्या मातीच्या घरात मुक्ताबाई राहायच्या. मंडईत भाजी विकायच्या, जिभेनं तिखट, गुडघ्यांनी अधू. एकुलती मुलगी मैना धायरीला दिलेली, म्हणून घरात एकट्याच. पाणी चढलं तेव्हा आजी आणि तुझी आई छपरावर पोचल्या होत्या आणि हे शिडीच्या मध्यावर होते. मुक्ताबाईंनी खिडकीतून हाक मारली, श्रीधर! ह्यांनी वळून पाहिलं. आणि वर चढले. थोड्याच वेळात ते घर बसलं.

अठरा वर्षांच्या संसारात हे मला आत्ता कळलं, हेमा. पुढे म्हणाले, की एस्तेर वरून सगळं पाहत होती. तिनं मला एका शब्दानं कधी विचारलं नाही, पण तिला तोंड दाखवायचं म्हटलं की माझे पाय जड होतात. तुझ्या घरी नगरला हे का येत नाहीत, दर नाताळात ऐनवेळी कारखान्यात काम कसं निघतं, ते आता समज. मी तुला लिहू का म्हणून विचारलं. लिही म्हणाले. तुझ्या आईला कळलं तर? त्यावर एक घडी मोडून पुन्हा घातली, आणि म्हणाले, कळू दे.

पांघरूण मी धरलं आहे, पण दुसरं टोक धरायला तुझ्या आईशिवाय कोण आहे?

लोभ ठेव, आणि ह्या वेळी लवकर लिही.
तुझी,
श्यामलामामी


अहमदनगर, ३ जुलै १९८७

ती. श्रीधरदादास,
एस्तेरचा सप्रेम सलाम.

हेमाचं पत्र आलं, सोबत वहिनीचंही तिनं पाठवलं. तू कळू दे म्हणालास म्हणून लिहिते. रागावू नकोस.

दादा, तू मला टाळतोस हे मला इतकी वर्षं कळत होतं. पण मला कारण निराळं वाटत होतं. त्या दिवशी मी वरून रडून आकांत केला, वाकून तुझी कॉलर धरून ओढली. म्हणून तुला मुक्ताबाईंकडे जाता आलं नाही, आणि त्याचा राग तुझ्या मनात आहे, असं मी धरून चालले होते. तू नाताळला आला नाहीस की मी म्हणायची, बरोबरच आहे त्याचं. बघ, आपण दोघं कसे शहाणे!

आता नीट वाच. त्यांनी नुसती हाक मारली नाही. तू शिडीवर होतास, तुझ्या पायाखाली पाण्याचा घोंगाट होता, तुला कदाचित पुढचं ऐकू गेलं नसेल. मी कौलांवर पालथी पडले होते, मला स्वच्छ ऐकू आलं. खिडकीचे गज धरून त्या ओरडल्या, श्रीधर! माझ्याकडं काय बघतोस गाढवा, वर चढ! पोरीला धर! असं दोनदा म्हणाल्या. आणि तू चढलास आणि मला धरलंस. पाणी उतरेपर्यंत सोडलं नाहीस. माझ्या दंडावर तुझी बोटं चार दिवस उमटलेली होती, आईला विचारलं असतंस तर तिनंही सांगितलं असतं.

हे मी तुला तेव्हाच का सांगितलं नाही? आईला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ती म्हणाली, दादासमोर मुक्ताबाईंचं नाव काढायचं नाही, त्याला त्रास होतो. मी बारा वर्षांची, आईची आज्ञा पाळली. पुढे आई गेली, आज्ञा राहिली.

हेमाला ट्रंक कॉल केला, तर ती मला बजावते, की एवढ्या जुन्या आठवणीवर एकदम भरवसा ठेवू नये, माणूस स्वतःच्या सोयीनं आठवतो. मी तिला सांगितलं, की पुस्तकं तुझी असतील, कान माझे आहेत. आणि मुक्ताबाईंनी घातलेली शिवी कुणी सोयीनं आठवत नसतं.

वहिनीला माझा सलाम. ह्या बहिणीवर माया आहे का, ते आता तूच लिही.
तुझी,
एस्तेर


पुणे, १४ जुलै १९८७

प्रिय एस्तेर,
सलाम.

मला पत्र लिहिता येत नाही. घरची सगळी पत्रं श्यामला लिहिते. आज ती म्हणाली, तुमचं तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघणार नाही.

तुझं पत्र आठवडाभर खिशात ठेवून कारखान्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत वाचत होतो. राग तुझ्यावर कधीच नव्हता. कॉलर ओढलीस ते मला आठवतही नाही. एवढ्या गोष्टीसाठी तू स्वतःला बोल लावलास हे वाचून मी हसलो आणि मग हसू आलं नाही.

नाटक रविवारी पार पडलं. तारू आत जाईना, म्हणून आवारात केलं. शिरसाठांच्या नातीनं दार असं वाजवलं, की नोहा झालेला पोरगा घाबरून दार उघडून बसला आणि शेजारपाजार सगळं तारवात शिरलं. पाळकसाहेबांनी मुळात असं नाही म्हणून उठायचं केलं, पण लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, ते परत बसले. मीही हसलो. श्यामला माझ्याकडे बघत होती ते मला कळलं.

यंदा टेकडीवर गेलो नाही. दुपारी श्यामलाला घेऊन धायरीला गेलो. मैनाताईंचा पत्ता मला कधीपासून माहीत होता. पन्नाशीच्या पुढं गेल्यात. अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. ओळखलं नाही. कसब्यातला श्रीधर म्हटल्यावर सूप खाली ठेवलं.

मी सगळं सांगितलं. मी चढलो ते आधी सांगितलं, मग तू ऐकलेलं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला सारलं. मला वाटलं, आता उठवून घालवतील. तर म्हणाल्या, आय सापडली येवढंच मला कळवलं हुतं. शेवटाला काय बोलली, ते सांगनारं मानूस आज आलं. पुन्यांदा सांगा. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तेव्हा गाढवा ह्या शब्दावर त्या मोठ्यानं हसायला लागल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, माझी आयच ही. परक्याला ती अहो-जाहो करायची, गाढव फकस्त घरच्याला म्हनायची.

मग श्यामला आणि त्या शेंगा निवडत बसल्या. मला चुलीवरची भाकरी वाढली. मी तीन खाल्ल्या. श्यामला तुझ्या हेमाला काहीतरी एलियाचं कळवणार आहे, मला त्यातलं समजलं नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं मी नगरला येतो. स्टँडवर कुणाला पाठवू नकोस. तुझं घर मी अजून पाहिलेलं नाही, विचारत विचारत येईन.

माया आहे. विचारलंस म्हणून लिहिलं.
तुझा,
दादा